फर्मवेअर चढवलं, दार लावलं का?

स्वतःच्या हाताने सिक्युरिटी की तयार करणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही. गूगलने जानेवारी २०२० मध्ये ओपनएसके खुलं केलं. रस्ट भाषेतलं, टॉक ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारं हे फर्मवेअर नॉर्डिकच्या एनआरएफ५२८४० चिपच्या छोट्या डोंगलवर चढतं. सोलो या खुल्या प्रकल्पाने त्याआधीच एसटीएम३२एल४३२ वर तेच करून दाखवलं होतं. सोर्स उतरवून घ्यायचा, बिल्ड करायचा, फ्लॅश करायचा. ब्राउझर उपकरण ओळखतो, बटण दाबलं की लॉगिन होतं. इथे पोहोचल्यावर अनेक जण काम संपलं असं समजतात. आमच्या मते अवघड भाग इथून पुढे आहे.

या उपकरणाच्या पोटात काय असतं ते आधी पाहू. फिडो या लॉगिनच्या मानकात प्रत्येक संकेतस्थळासाठी वेगळी प्रायव्हेट की लागते, पण छोट्या चिपमध्ये जागा मोजकीच. म्हणून अनेक फर्मवेअर एकच मास्टर सीक्रेट जवळ ठेवतात. त्याने प्रायव्हेट की कूटबद्ध करून ती क्रेडेन्शियल आयडीच्या रूपात संकेतस्थळाकडेच सांभाळायला देतात. लॉगिनच्या वेळी ती परत येते, चिप ती उलगडते आणि सही करते. रचना देखणी आहे. मात्र ते एक गुपित बाहेर गेलं, तर त्याच्या भरवशावरच्या सगळ्याच खात्यांचं संरक्षण गेलं.

ते बाहेर जाण्याची सर्वांत सोपी वाट म्हणजे डीबग पोर्ट. एसटीएम३२एल४ मध्ये ऑप्शन बाइट्समधला एकच बाइट सगळं ठरवतो. त्यात हेक्स एए असेल तर लेव्हल ०: एसडब्ल्यूडी या डीबग पोर्टला प्रोब जोडून कोणीही फ्लॅश वाचू शकतो. हेक्स सीसी लिहिलं की लेव्हल २: डीबग पोर्ट कायमचा बंद, परतीची वाट नाही. इतर कोणताही आकडा म्हणजे लेव्हल १. तिथून ० वर उतरलं तर फ्लॅश पुसली जाते. लेव्हल २ नंतर नवं फर्मवेअर फक्त तुमच्या बूटलोडरमार्फतच चढतं. म्हणून बूटलोडर पुरता तपासल्याशिवाय सीसी लिहू नये, आणि सीसी लिहिल्याशिवाय ते उपकरण कोणाच्या हाती देऊ नये.

चिपच्या कुलपावरही डोळे मिटून विसंबता येत नाही. लिमिटेडरिझल्ट्स या नावाने लिहिणाऱ्या संशोधकाने २०२० मध्ये एनआरएफ५२ मालिकेतलं अ‍ॅप्रोटेक्ट हे डीबग पोर्टचं कुलूप, वीजपुरवठ्यात नेमक्या क्षणी झटका देऊन, निकामी करून दाखवलं. नॉर्डिकने पुढच्या सिलिकॉन आवृत्त्यांत ही रचना बदलली. तेव्हा बोर्ड घेताना चिपवरचा बिल्ड कोड वाचून घ्या.

मग फर्मवेअर बदलताच येऊ नये, हे बरं का? युबिकी या बाजारात तयार मिळणाऱ्या सिक्युरिटी कीने तोच मार्ग धरला आहे. त्यामुळे खोटं फर्मवेअर चढवण्याची वाटच बंद होते. पण सप्टेंबर २०२४ मध्ये निन्जालॅब या सुरक्षा संशोधन संस्थेने युबिकीतल्या इन्फिनिऑन चिपच्या क्रिप्टो लायब्ररीतली गळती उघड केली, तेव्हा दुसरी बाजूही दिसली. ईसीडीएसए या सहीच्या पद्धतीतलं मॉड्युलर इन्व्हर्जन हे गणित दर वेळी सारख्याच वेळात पार पडत नव्हतं, आणि विद्युतचुंबकीय लहरी मोजून प्रायव्हेट कीपर्यंत पोहोचता येत होतं. या हल्ल्यासाठी उपकरण हाती यावं लागतं आणि महागडी साधनंही लागतात, हे खरं. तरीही ५.७ पूर्वीच्या फर्मवेअरच्या युबिकी ५ दुरुस्त करता येत नाहीत, बदलूनच घ्याव्या लागतात.

आमचा कौल अपडेटच्या बाजूने आहे, पण अटींसह. बूटलोडरने सही तपासल्याशिवाय काहीही स्वीकारू नये आणि जुन्या आवृत्तीकडे परतू देऊ नये. सही करणारी की रोजच्या लॅपटॉपवर किंवा बिल्ड सर्व्हरवर नसावी. विकासकांसाठी सहीविना फर्मवेअर चढवण्याची सोय ठेवलीच, तर त्याआधी मास्टर सीक्रेट पुसलं गेलं पाहिजे. आणि बिल्ड असा असावा की त्याच सोर्समधून कोणालाही बाइट न् बाइट तेच बायनरी मिळेल. नाहीतर सोर्स खुला असूनही प्रकाशित बायनरी त्यातूनच निघालं, याची खात्री वापरणाऱ्याला कशी पटणार?

खुले प्रकल्प चालवणाऱ्यांना आमची विनंती आहे: कुलूप कोणत्या पातळीवर आहे, सही कोण करतं आणि बिल्ड पडताळायचा कसा, हे रीडमीत अगदी सुरुवातीला लिहा. ही तीन उत्तरं देता येत नाहीत, तोवर तो बोर्ड सरावाचाच समजा आणि त्यावर एकही खरं खातं नोंदवू नका.