वाजवणाऱ्याची छाती उपजत नसते

“सनईवाल्याची छाती जन्मतःच मोठी असते,” असे लग्नाच्या मांडवात सर्रास ऐकू येते. आम्हाला हे बोलणे मान्य नाही. धंदा जातीच्या रक्तात असतो, हाच जुना खोटेपणा त्यात लपलेला आहे. शिवाय त्यामुळे शिकणाऱ्या पोराला श्वास कसा घ्यायचा हे कोणी सांगतच नाही. जमले नाही की ‘याच्यात दम नाही’ म्हणून मोकळे! बिस्मिल्ला खाँसुद्धा बनारसला मामांच्या हाताखाली लहानपणापासून रियाज करूनच घडले.

सनईच्या कुळातले ओबो नावाचे पाश्चात्त्य वाद्य आहे. त्याचीही पत्ती जोडपात्याची, पण मधली फट फारच बारीक. फुंकर जोरात मारावी लागते आणि हवा मात्र थोडीच बाहेर जाते. म्हणून ओबो वाजवणारा गुदमरतो तो छाती रिकामी झाल्यामुळे नव्हे, तर ती शिळ्या हवेने भरलेली असते म्हणून. आत कार्बन डायऑक्साइड साठतो आणि शरीर ‘श्वास घे’ म्हणून ओरडू लागते. अशा वेळी वरून आणखी हवा घेतली तर जीव जास्तच घाबरा होतो. म्हणून ओबोचे शिक्षक आधी शिळी हवा सोडायला शिकवतात, मग नवी घ्यायला. कधी एका विरामात नुसते सोडायचे, पुढच्या विरामात घ्यायचे. एवढी साधी गोष्ट! आमच्या मते सनई शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला आणि मुलीलाही ती पहिल्याच आठवड्यात सांगितली पाहिजे.

सनईच्या साथीला अखंड सूर धरणाऱ्याचे काम वेगळे. तो गालात थोडी हवा राखतो, गाल दाबून ती पत्तीत सोडतो आणि त्याच क्षणी नाकाने झटकन श्वास ओढतो. याचा सराव घरी होतो. ग्लासभर पाण्यात शीतपेयाची नळी बुडवून फुंकायचे आणि श्वास घेतानाही बुडबुडे थांबू द्यायचे नाहीत. सुरुवातीला पाच मिनिटे पुरेत. श्वास घेताना खांदे वर जाता कामा नयेत, पोट आणि बरगड्या फुगल्या पाहिजेत. उताणे झोपून पोटावर वही ठेवली की ती वरखाली होताना आपली आपल्याला दिसते.

चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथेच थांबावे. अशी जोराची फुंकर मारताना डोळ्यांतला दाबही वाढतो. काचबिंदू, रक्तदाब किंवा हर्निया असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच वाजवावे. खोकला दोन आठवड्यांवर गेला तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्यावी, तिथे पैसे पडत नाहीत. पत्ती ज्याची त्याची वेगळी असावी. आणि दम टिकावा म्हणून विडी ओढणाऱ्यांना काय म्हणावे? ती दमच खाते.

राहिला प्रश्न वरातीचा. जनरेटरच्या धुरात तीन-तीन तास न थांबता वाजवायला लावणे हा अन्याय आहे, मग सुपारी देणारा आपल्याच वस्तीतला का असेना. सुपारी ठरवतानाच तासाला दहा मिनिटे विश्रांती आणि प्यायला पाणी ठरवून घ्यावे. तेवढा वेळ संबळ एकटा वाजला तरी वरात अडत नाही.