स्वामित्वधनाला कात्री कोणाची?

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात नैसर्गिक वायूवर उत्खनन-कर बसवावा की नाही, हा वाद गेली अनेक वर्षे चालू आहे. टेक्ससच्या खालोखाल सर्वाधिक वायू काढणारे हे राज्य. तरीही वायूच्या परिमाणावर वा किमतीवर असा कर न घेणारे मोठ्या उत्पादक राज्यांपैकी ते एकटेच. गव्हर्नर टॉम वुल्फ यांनी २०१५ ते २०२३ या आपल्या कारकिर्दीत हा कर पुनःपुन्हा सुचविला. त्याचा कायदा मात्र कधीच होऊ शकला नाही. कराच्या विरोधकांचा एक युक्तिवाद ठरलेला असतो. कर कंपनीवर बसला तरी भरावा लागेल तो शेतकऱ्यालाच, कारण त्याच्या स्वामित्वधनातून तो कापला जाईल. गरीब शेतकऱ्याला पुढे करून धनिकांवरील कर टाळण्याची ही रीत आपल्याला अपरिचित नाही. परंतु रीत ओळखीची आहे एवढ्यावरून युक्तिवाद खोटा ठरत नाही. तो तपासावा लागतो.

त्यासाठी तेथील मालकीहक्काचे स्वरूप प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. आपल्याकडे तेल व वायू यांवरील स्वामित्वधन शासन घेते. १९७४ साली तेल सापडलेल्या मुंबई हायसारख्या समुद्रातील क्षेत्राचे ते केंद्राला मिळते, जमिनीवरील विहिरींचे राज्याला. अमेरिकेत मात्र जमिनीचा मालक हाच सामान्यतः तिच्या पोटातील खनिजाचाही मालक असतो. तो कंपनीला भाडेपट्टा करून देतो, आरंभी एक रक्कम घेतो आणि वायू निघू लागला की विक्रीचा ठराविक हिस्सा त्याला मिळत राहतो. हेच त्याचे स्वामित्वधन.

जमीनमालक म्हटला की आपल्या वाचकाच्या डोळ्यांसमोर खंड वसूल करणारा सावकार उभा राहतो, आणि कूळ म्हटले की नाडलेला माणूस. १९४८ चा कुळकायदा त्याच वास्तवातून जन्मला. पेनसिल्व्हेनियात हे चित्र उलटे आहे. तेथील मालक पुष्कळदा ब्रॅडफर्ड किंवा सस्क्वेहॅना परगण्यातील एखादा दुग्धव्यावसायिक शेतकरी असतो, आणि कूळ असते भूगर्भशास्त्रज्ञ, हिशेबनीस व वकील पदरी बाळगणारी कंपनी. करारनाम्याचा मसुदा कूळच घेऊन येते. वायूचे मोजमाप कूळ करते, विक्री कूळ करते, आणि खर्च किती झाला हेही कूळच सांगते. अशा व्यवहारात कागदावरील टक्केवारी आणि हातात पडणारी रक्कम यांत अंतर पडले नाही तरच नवल.

१९७९ च्या कायद्याने पेनसिल्व्हेनियात किमान एक अष्टमांश, म्हणजे साडेबारा टक्के स्वामित्वधनाची हमी दिली. परंतु साडेबारा टक्के कशाचे? कायद्याने स्वामित्वधनाची व्याख्याच केली नव्हती. या उणिवेवर बोट ठेवून २०१० साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, वायू विहिरीबाहेर आल्यानंतर तो गोळा करणे, दाबाखाली आणणे, वाहून नेणे यांचा खर्च आधी वजा करून उरलेल्या रकमेवर हिस्सा काढला तरी कायद्याचा भंग होत नाही. साडेबारा टक्क्यांची ही कथा उरण-पनवेलच्या वाचकाला निराळी सांगायला नको. १९८४ साली दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढ्यात पाच जणांचे बळी गेल्यावर नवी मुंबईसाठी जमिनी दिलेल्या शेतकऱ्यांना साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व मान्य झाले. तेथेही सार्वजनिक सोयींच्या नावाने पावणेचार टक्के वजा होऊन हातात पावणेनऊच आले. हक्क आकड्यात मिळतो आणि वजावटीत जातो.

आता कराचा हिशेब करू. शंभर डॉलरचा वायू निघाला असे समजा. वजावट नसेल तर मालकाचे साडेबारा डॉलर. त्याच खडकातून वायू काढणाऱ्या शेजारच्या वेस्ट व्हर्जिनियाप्रमाणे पाच टक्के कर बसला आणि तो दोघांनी आपापल्या हिश्शानुसार सोसला, तर मालकाच्या वाट्याला सुमारे बासष्ट सेंट येतील. उलट, कर मुळीच नाही, पण कंपनीने चाळीस डॉलर खर्च दाखविला असे धरा. आता साडेबारा टक्के मोजले जातील ते साठ डॉलरवर. मालकाला मिळतील साडेसात. म्हणजे कराने जेवढे गेले असते त्याच्या आठपट रक्कम वजावटीने गेली. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण त्यांतून प्रश्नाचे मर्म स्पष्ट होते. ज्या कंपन्या कराच्या बासष्ट सेंटांवरून शेतकऱ्यासाठी अश्रू ढाळतात, त्यांना वजावटीचे पाच डॉलर दिसत नाहीत.

याचा अर्थ शेतकऱ्याची भीती निराधार आहे असा मात्र नव्हे. टेक्ससमध्ये वायूवर साडेसात टक्के कर आहे आणि स्वामित्वधनधारकानेही आपल्या हिश्शानुसार तो सोसावा असे कायदाच सांगतो. अर्थशास्त्रात आपण कराघात आणि करभार यांत भेद करतो. कायद्याने कर ज्याच्यावर बसतो त्याच्यावर कराघात. अखेर ज्याच्या खिशातून तो जातो त्याच्यावर करभार. वायूचा भाव देशव्यापी बाजारात ठरत असल्यामुळे एका राज्यातील कर ग्राहकाकडून वसूल करणे कंपनीला कठीण जाते. मग ती मागे वळून पाहते, आणि मागे उभा असतो करारनाम्याने बांधलेला शेतकरी.

येथे आपल्याच पंक्तीतील एखादा मित्र विचारील, की भूमीचा खंड हे तर अनर्जित उत्पन्न. रिकार्डोपासून हेच शिकत आलो, आणि भूमीच्या खंडावर कर बसवा म्हणणारा हेन्री जॉर्ज तर १८३९ साली याच पेनसिल्व्हेनियातील फिलाडेल्फियात जन्मला. मग मालकासाठी समाजवाद्याने का हळहळावे? आक्षेप योग्य आहे. हजारो एकरांच्या खनिजहक्काचा धनी आणि शंभर एकरांचा शेतकरी यांना एकाच मापाने मोजू नये, एवढेच त्यावर उत्तर. छोट्या शेतकऱ्याच्या स्वामित्वधनात खंडाबरोबर नुकसानभरपाईचाही अंश असतो. मालमोटारींनी उखडलेले रस्ते, रात्रंदिवसाचा गोंगाट, पाण्याची चिंता हे सारे त्याच्या दारात असते. ज्यांच्या जमिनीखालचे हक्क पूर्वीच विकले गेले, त्यांना तर हा त्रासच तेवढा मिळतो, स्वामित्वधन नाही.

२०१२ साली राज्याने कराऐवजी प्रत्येक विहिरीमागे शुल्क बसविले. त्यातील मोठा वाटा स्थानिक संस्थांना मिळतो, ही जमेची बाजू. परंतु शुल्क ठरते विहिरीचे वय आणि वायूचा भाव पाहून. वायू किती निघाला याची दखल ते घेत नाही. भरघोस देणारी विहीर आणि सामान्य विहीर यांना एकच दर लावणे म्हणजे जास्त नफ्याला अभय देणे होय.

तेव्हा कर नको ही मागणी शेतकऱ्याच्या हिताची नाही. हिताची मागणी निराळी आहे. कर वायूच्या किमतीवर बसवावा, पण त्याचा पाया कंपनीच्या हिश्शापुरता ठेवावा. स्वामित्वधनावर कर घ्यायचा तर तो वेगळा, आणि ठराविक रकमेपर्यंत माफी देऊन घ्यावा. एक अष्टमांश म्हणजे विक्रीच्या एकूण रकमेचा, वजावटीआधीचा, अशी व्याख्या कायद्यात घालावी. करारांच्या बंधनाला बाध आणणारे कायदे राज्यांनी करू नयेत असे अमेरिकेचे संविधान सांगते; त्यामुळे जुन्या पट्ट्यांच्या बाबतीत ही व्याख्या न्यायालयात अडेल हे खरे. निदान नवे पट्टे तरी त्या सापळ्यातून सुटतील. जुन्यांसाठी कंपनीची हिशेबवही तपासण्याचा प्रभावी अधिकार हवा. २०२१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, भाडेपट्टा देणारा शेतकरी हा ग्राहक नव्हे तर विकणारा आहे. म्हणून ग्राहक-संरक्षणाच्या कायद्याखाली सरकारला त्याच्या वतीने कंपन्यांवर दावा चालविता येणार नाही. दुर्बलाला संरक्षण देताना तो विकतो की विकत घेतो एवढेच कायद्याने पाहिले, तर दुर्बल विक्रेत्याने जावे कोठे?

२०२४ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने स्पष्ट केले, की स्वामित्वधन हा कर नव्हे. भेद मोलाचा आहे. स्वामित्वधन हे मालकाचे करारातील येणे. कर हा समाजाचा अधिकार. दोन्ही पूर्ण वसूल झाले पाहिजेत, आणि त्या दोघांना एकमेकांविरुद्ध उभे करून दोन्हीकडचे आपल्या पदरात पाडून घेणाऱ्या तिसऱ्याला वेळीच ओळखले पाहिजे.