खोकला किती दिवसांचा?

आठवीच्या वर्गात श्वसनसंस्थेचा धडा आला की मी मुलांना विचारते, "घरात पंधरा दिवसांहून जास्त कोण खोकतंय?" बरेच हात वर जातात. कुणाचे दादा, कुणाचे चच्चा, कुणाची नानी. मग विचारते, "डॉक्टरांना दाखवलं का?" हात खाली येतात. यंदा एक मुलगा म्हणाला, "टीचर, दादांचा खोकला जुनाच आहे."

हे वाक्य मी आमच्या घरात ऐकलेले आहे. आमचे बडे अब्बा गाद्या भरायचे. आयुष्य कापूस पिंजण्यात गेले आणि सोबतीला दिवसाचा बीडीचा एक कट्टा. सकाळी त्यांच्या खोकल्याने घर जागे व्हायचे, म्हणून त्या खोकल्याकडे कुणी लक्षच दिले नाही. पुढे वजन उतरू लागले, आवाज बसला. छातीच्या एक्स-रेत सावली दिसली. थुंकीत क्षयाचे जंतू सापडले नाहीत, तरी क्षयाची औषधे सुरू झाली. चार महिने गोळ्या चालल्या, वजन उतरतच राहिले. शेवटी संभाजीनगरला सीटी स्कॅन झाले, तुकडा काढून तपासला, तेव्हा कळले की फुप्फुसाचा कर्करोग आहे आणि तो हाडांपर्यंत गेला आहे. त्यानंतर ते सात महिने राहिले.

दोष कुणाला द्यावा म्हणून हे लिहीत नाही. आपल्याकडे क्षय इतका आहे की सावली दिसली की आधी तोच आठवतो, आणि बहुतेक वेळा तो असतोही. पण दोन्ही आजारांत खोकला, थुंकीत रक्त, वजन घटणे, छातीत दुखणे सारखेच असते. म्हणून दोन गोष्टी लक्षात ठेवा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासा. ही तपासणी आणि क्षयाची औषधे मोफत आहेत. आणि जंतू सापडले नसताना औषधे सुरू झाली व दोन महिन्यांत फरक पडला नाही, तर औषध मनाने बंद करू नका, पण डॉक्टरांना अदबीने विचारा, "साहेब, दुसरं काही असू शकतं का? सीटी स्कॅन करावं का?" हा प्रश्न आम्ही विचारला नाही.

आता तपासणीबद्दल. त्रास सुरू होण्याआधीच कर्करोग शोधता येतो का? साध्या एक्स-रेने नाही. लहान गाठ त्यात दिसत नाही. कमी किरणांचे एक सीटी स्कॅन असते. अमेरिकेत त्रेपन्न हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या व सोडलेल्या माणसांवर त्याचा अभ्यास झाला. २०११ मध्ये निष्कर्ष आला की एक्स-रे काढणाऱ्यांपेक्षा सीटी काढणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू वीस टक्क्यांनी कमी झाले. तिथे आता ५० ते ८० वयाच्या, वीस वर्षे रोज एक पाकीट इतके धूम्रपान केलेल्या आणि अजून करणाऱ्या किंवा गेल्या पंधरा वर्षांत सोडलेल्या लोकांना दरवर्षी ही तपासणी सांगतात.

आपल्याकडे सरकारी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी होते, फुप्फुसाची नाही. त्याला खर्चाबरोबर आणखी एक अडचण आहे. जुन्या क्षयाचे व्रणही स्कॅनमध्ये गाठीसारखे दिसतात, मग घाबरगुंडी उडते आणि नको त्या तपासण्या होतात. म्हणून जाहिरात पाहून सगळ्या घराचे स्कॅन करू नका. पन्नाशी ओलांडलेल्या, वर्षानुवर्षे बीडी ओढलेल्या माणसाने मात्र छातीच्या डॉक्टरांशी याबद्दल जरूर बोलावे. बीडीत तंबाखू कमी म्हणून ती सौम्य, हा गैरसमज आहे. ती विझू नये म्हणून झुरका जोरात आणि वारंवार घ्यावा लागतो, धूर खोल जातो.

बहिणींनो, आपल्यापैकी कित्येकींनी बीडीला हात लावलेला नाही. पण पऱ्हाट्या-तुराट्यांचा धूर आपण चुलीपुढे बसून गिळला आहे. त्या धुराने दम्यासारखा कायमचा आजार जडतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्याला बहुधा कर्करोगकारक मानले आहे. सिलिंडर घरात असून पाणी तापवायला चूल पेटत असेल, तर ती निदान अंगणात न्या आणि लेकरू कडेवर घेऊन तिच्यापुढे बसू नका.

रमजानमध्ये आपल्या घरचे पुरुष तेरा-चौदा तास बीडीवाचून राहतात आणि इफ्तारची खजूर तोंडात असतानाच काडीपेटी शोधतात. जो माणूस चौदा तास थांबू शकतो, त्याला "सुटतच नाही" म्हणायला जागा उरत नाही. मदत लागली तर १८००-११-२३५६ हा सरकारचा मोफत क्रमांक आहे. सोडून दहा वर्षे झाली की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका ओढत राहणाऱ्याच्या जवळपास निम्म्यावर येतो. साठाव्या वर्षी सोडली तरी फायदा होतो.

आणि एक विनंती शिक्षिका म्हणून. लेकरांना बीडीचा कट्टा आणायला दुकानात पाठवू नका. अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकणे २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे, पण पाठवणारे आपणच असतो. मी लहानपणी बडे अब्बांसाठी रोज आणत असे. उरलेली चिल्लर माझी असायची.

त्या मुलाला मी गृहपाठ दिला आहे : दादांना घेऊन आरोग्य केंद्रात जायचे आणि थुंकीची तपासणी करून यायचे. तुमच्या घरात कुणाचा खोकला "जुनाच" असेल, तर हा गृहपाठ तुमच्यासाठीही आहे.