गडकरी साहेब, स्टेअरिंगवर बसायचं की नाही?

मा. नितीन गडकरी साहेब,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री, नवी दिल्ली



जून २०१९ मध्ये आपल्या मंत्रालयाने ट्रक-बसच्या लायसनसाठी असलेली आठवी पासची अट काढायचं ठरवलं. कारण सांगताना एक आकडा दिला होता : देशात सुमारे बावीस लाख ड्रायव्हरांची कमतरता आहे. २०२५ मध्ये साडेचार हजार कोटींच्या, सोळाशे प्रशिक्षण केंद्रांच्या योजनेबद्दल आपण बोललात, तेव्हाही आकडा बावीस लाखांचाच होता. मधल्या सहा वर्षांत हा धंदा एकदा आपटला, कोविडमध्ये ठप्प झाला आणि पुन्हा उठला. डिझेल वाढलं, टोल वाढला, रस्तेही वाढले. कमतरता मात्र जिथल्या तिथे.

या आकड्यावर भरवसा ठेवून आयुष्याचा निर्णय घेणारा माणूस फाइलमध्ये दिसत नाही, म्हणून हे पत्र. तो साधारण तेवीस-चोवीस वर्षांचा असतो. आयटीआय झालेला, चाकण किंवा रांजणगावच्या कारखान्यात कंत्राटावर राबलेला आणि ऑर्डरी घटल्या तेव्हा कंपनीने ‘ब्रेक’ दिलेला. गावाकडे दोन-तीन एकर कोरडवाहू. खिशात कारचं लायसन. हेवी लायसनला वयाची वीस वर्षं लागतात आणि हलक्या वाहनाचं लायसन काढून वर्ष झालेलं असावं लागतं. तेही जमून जातं. बावीस लाख जागा रिकाम्या आहेत असं खुद्द मंत्री सांगतात म्हटल्यावर त्याला वाटतं, मंदीत याहून खात्रीचं काम कुठलं? देशातली सुमारे सत्तर टक्के मालवाहतूक रस्त्यानेच होते. माल तर हलणारच.

माल हलतो, हे खरं. पण मंदीत तो कमी हलतो, आणि त्याची झळ आधी कुणाला बसते हे कळंबोलीच्या स्टील मार्केटबाहेर किंवा निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत उभ्या गाड्यांच्या रांगेत विचारलं की लगेच समजतं. मालकाच्या डोक्यावर बँकेचा हप्ता, विमा, पासिंग, परमिट, टायर. गाडी धावो न धावो, हप्ता ठरल्या तारखेला जातोच. गाडी निघाली की डिझेल आणि फास्टॅग. भाडं पडलं म्हणून यातलं काहीही स्वस्त होत नाही. स्वस्त करता येतो तो फक्त ड्रायव्हर. बऱ्याच ठिकाणी त्याला थोडा बांधील पगार आणि वर दिवसामागे किंवा खेपेमागे भत्ता असतो; कित्येक ठिकाणी सगळाच हिशोब खेपेवर. मुंबईहून भरलेली गाडी कोलकात्याला रिकामी झाली आणि परतीचं भाडं चार दिवस मिळालं नाही, तर ते चार दिवस तो गाडीच्या आडोशाला स्टोव्ह पेटवतो आणि स्वतःच्या खिशातून जेवतो. कागदोपत्री तो नोकरीतच असतो. बेकारीच्या कुठल्याही आकड्यात तो येत नाही.

बरं, हे थांबणं दर वेळी मंदीमुळेच असतं असंही नाही. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, ती मे २०२४ मध्ये उठली. बंदीवर लासलगावच्या शेतकऱ्याचा संताप सगळ्यांनी ऐकला. नाशिकहून न्हावा-शेव्याकडे कांद्याचे कंटेनर ओढणाऱ्या ड्रायव्हरची बाजू ऐकायला कुणी गेलं नाही, कारण त्याची खेप बुडाली याची नोंद ठेवणारी बाजार समिती नसते.

साहेब, इथे २०१८ सालची आठवण काढावी लागते. त्या वर्षी जुलैत आपल्या खात्याने ट्रकची अधिकृत भारक्षमता वाढवली. पंचवीस टन एकूण वजनाची दहाचाकी साडेअठ्ठावीस टनांची झाली. एका फटक्यात, एकही नवी गाडी न घेता, देशाची वाहतूक क्षमता वाढली. पुढे बिगरबँक वित्तसंस्था अडचणीत आल्या, कर्जं आटली, मागणी मंदावली, आणि २०१९-२० मध्ये मध्यम व अवजड व्यापारी वाहनांची विक्री चाळीस टक्क्यांहून जास्त घसरली. सप्टेंबर २०१९ मध्ये अशोक लेलँडने आपल्या भंडाऱ्याच्या कारखान्यात दहा दिवस काम बंद ठेवल्याचं जाहीर केलं होतं. विदर्भातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. आणि त्याच २०१८ मध्ये नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन ड्रायव्हर असलेच पाहिजेत, ही अटही आपल्या खात्याने काढून टाकली.

दोन्ही निर्णयांमागे कारणं असतील. ओव्हरलोडिंग तसंही चालूच होतं, दुसरा ड्रायव्हर बऱ्याच गाड्यांवर फक्त कागदावरच होता. पण गाडीमागे माल वाढवायचा, गाडीमागची माणसं घटवायची आणि पुढच्याच वर्षी माणसं कमी पडतात म्हणून शिक्षणाची अट काढायची, या तिन्ही गोष्टी एका ओळीत ठेवल्या की कमतरता नेमकी कशाची, असा प्रश्न पडतो. ज्या कामाला बावीस लाख माणसं खरोखर कमी आहेत, त्या कामाचा मोबदला चढायला हवा. सेव्हलाइफ फाउंडेशनने २०२० मध्ये ट्रक ड्रायव्हरांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात निम्म्याहून अधिक, ५३ टक्के, ड्रायव्हर महिन्याला दहा ते वीस हजारांत होते. ९३ टक्क्यांना भविष्यनिर्वाह निधी, पेन्शन, आरोग्य विमा यांतलं काहीच नव्हतं. आणि ८४ टक्क्यांनी सांगितलं की आपल्या घरच्या माणसाला या धंद्यात या, असं ते म्हणणार नाहीत. उसाच्या फडातला माणूसही पोराला कोयता देऊ इच्छित नाही. पण त्या फडाला कुणी ‘कुशल मनुष्यबळाची कमतरता’ म्हणत नाही.

पूर्वी ड्रायव्हर घडायचा तो किन्नर, म्हणजे गाडीवरचा क्लीनर, म्हणून. पोरगा उस्तादाबरोबर दोन-चार वर्षं फिरायचा, ताडपत्री बांधायचा, टायर ठोकून बघायचा, रात्री मोकळ्या रस्त्यावर थोडी गाडी हातात घ्यायचा. त्यात शोषण होतं, शिव्या होत्या, पगार जवळपास नव्हता. त्या पद्धतीचे गोडवे गायचं कारण नाही. तरी हातात स्टेअरिंग येईपर्यंत त्याला घाट, ब्रेक, दलाल, वाराई, चेकनाका सगळं कळलेलं असे. मंदीत मालकाने पहिला वाचवला तो किन्नराचा खर्च. शिडीची खालची पायरीच गेली. आता ती जागा सोळाशे केंद्रांनी भरायची आहे. केंद्रं हवीतच. फक्त तिथून बाहेर पडणारा पोरगा त्याच खेपेच्या हिशोबात जाऊन पडणार असेल, तर केंद्राचं प्रमाणपत्र त्याला चार दिवसांच्या उभ्या गाडीत जेवण देणार नाही.

आपण काहीच केलं नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. मालक आणि कंपन्या खर्च वाढतो म्हणून कुरकुरत असताना आपण तो विषय सोडला नाही. विदर्भातल्या मे महिन्यात इंजिनाशेजारी बसून गाडी चालवणं म्हणजे काय, हे नागपूरकराला कळतं. ड्रायव्हरच्या कामाचे तास वैमानिकासारखे ठरवून द्यावेत, हेही आपणच २०२१ मध्ये बोललात. खरं तर १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यातच दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास लिहिलेले होते. साठ वर्षं ते तास कायद्यात होते आणि ड्रायव्हर रस्त्यावर चौदा-चौदा तास होता, कारण ते मोजणारं कुणी नव्हतं. आज मोजता येतात. प्रत्येक टोलनाक्यावर फास्टॅगची वेळ नोंदली जाते. गाडी कुठून किती वाजता निघाली हे सरकारला ठाऊक असतं. आत कोण बसलंय आणि तो शेवटचा कधी झोपला, एवढंच ठाऊक नसतं.

युरोपात हेच काम टॅकोग्राफ नावाचं यंत्र करतं. सलग साडेचार तास चालवलं की पाऊण तास थांबायचं, दिवसाला नऊ तास, आठवड्यातून दोनदा फार तर दहा. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात ट्रक ड्रायव्हरही आहेत. ज्या पोराला आपण मुंबई-आग्रा रोडवर रात्रभर जागवतो, त्यालाच तिकडे भाषा शिकवून, नवी परीक्षा द्यायला लावून, ठरल्या वेळी सक्तीने झोपायला लावणार. पोरगा तोच. बदलतो तो नियम पाळून घेणारा.

तर त्या तरुणाला आज काय सांगायचं? नाही म्हणायचं का? तसंही नाही. दुसरं काम हाताशी नसताना हे काम वाईटच आहे म्हणून त्याला घरी बसवणं सोपं आहे, आणि ते सांगणाऱ्याचा स्वतःचा पगार सहसा एक तारखेला होत असतो. त्याने यावं, पण पायरीपायरीने. नोव्हेंबर २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर साडेसात टनांपर्यंतची मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या लायसनवर चालवता येते. म्हणजे हेवीसाठी पैसे आणि महिने घालवण्याआधी त्याला भिवंडीच्या गोदामांतून पिकअप किंवा टेम्पो चालवून हा धंदा अंगावर घेऊन बघता येईल. मोठ्या गाडीवर जाताना पहिला प्रश्न गाडीच्या मॉडेलचा नको. गाडी उभी राहिली तर त्या दिवसाचे किती, हा हवा. टँकर, नव्या गाड्या वाहून नेणारे ट्रेलर, मोठ्या कंपन्यांशी वर्षाचं कंत्राट असलेले ट्रान्सपोर्टर यांच्याकडे महिन्याचा पगार आणि पीएफ मिळण्याची शक्यता जास्त. आणि सेकंडहँड ट्रक स्वस्तात मिळतोय म्हणून मंदीत स्वतःची गाडी घ्यायचा मोह तर अजिबात नको. मंदीत ती स्वस्त का मिळते, याचं उत्तर विकणाऱ्याच्या हप्त्याच्या पुस्तकात असतं.

त्याला धाकधूक आणखी एका गोष्टीची आहे. १ जानेवारी २०२४ ला मनमाडजवळच्या पानेवाडीत टँकर उभे राहिले आणि राज्यभर पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, ते अपघातानंतर पळ काढल्यास दहा वर्षांच्या शिक्षेची तरतूद असलेल्या कलमावरून. जुलै २०२४ मध्ये भारतीय न्याय संहिता लागू झाली तेव्हा तेवढं पोटकलम बाजूला ठेवलं गेलं. जमावाच्या भीतीने पळणारा आणि माणूस मरायला टाकून पळणारा, यांत फरक कसा करायचा, हे ठरवायचं काम उरलंच आहे. पोरगा विचारतो तेव्हा त्याला उत्तर देता येत नाही.

आता आपल्याकडे मागणं. प्रशिक्षण केंद्रांना सरकारी पैसा देताना त्यांच्याकडून एक हिशोब घ्यावा : शिकून गेलेल्यांपैकी कितीजण वर्षभराने मासिक पगारावर आहेत, किती खेपेवर आणि किती धंदा सोडून गेले. हजार किलोमीटरच्या पुढच्या फेरीला दुसरा ड्रायव्हर पुन्हा सक्तीचा करावा. तसं केल्याने भाडं थोडं चढेल, ते चढू द्यावं. आणि सगळ्यात आधी, उभ्या गाडीचे पैसे. न्हावा-शेव्याच्या जेएनपीए बंदराच्या गेटवर कंटेनर आत कधी गेला, बाहेर कधी आला, याची नोंद आजही होते. मोठ्या गोदामांच्या फाटकावरही रजिस्टर असतं. ठरावीक तासांच्या पुढे गाडी अडकली तर ड्रायव्हरचा भत्ता माल मागवणाऱ्याने भरायचा आणि तो थेट ड्रायव्हरच्या खात्यात जायचा, एवढा एक नियम करून बघावा. एका बंदरापासून सुरुवात झाली तरी चालेल.