वरही नव्हे, शापही नव्हे

'विज्ञान : शाप की वरदान?' हा निबंध लिहिल्यावाचून मराठी शाळेतून सहसा कोणी बाहेर पडत नाही. अर्धे पान वरदानाला आणि अर्धे शापाला देऊन अखेरच्या ओळीत दोहोंचा समेट घालायचा, ही त्याची ठरलेली रीत. मोठेपणीही आपण तोच निबंध गिरवीत राहतो. वस्तुतः प्रश्नाची मांडणीच सदोष आहे. वर काय, शाप काय, दोन्ही दुसऱ्याकडून मिळतात. ते मुकाट्याने पत्करण्यापलीकडे घेणाऱ्याच्या हाती काही नसते. विज्ञान मात्र माणूस स्वतःच्या हेतूने घडवितो. विसाव्या शतकाच्या प्रारंभी लागलेला अमोनियानिर्मितीचा शोध या दृष्टीने पुन्हा पुन्हा आठवावा असा आहे.

वाढत्या लोकसंख्येला गहू पुरणार नाही, हवेतील नत्रवायू पिकांना मिळवून द्यावाच लागेल, असा इशारा विल्यम क्रुक्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८९८ मध्ये दिला होता. हवेत सुमारे ७८ टक्के नत्रवायू असूनही पिकांना तो थेट घेता येत नाही. त्यामुळे युरोपची शेती चिलीहून जहाजांनी येणाऱ्या सोऱ्यावर विसंबून होती. जुलै १९०९ मध्ये कार्ल्सरूहे येथे फ्रिट्झ हाबर यांनी प्रचंड दाबाखाली नत्रवायू आणि हायड्रोजन यांचा संयोग घडविला आणि उपकरणातून अमोनिया थेंबाथेंबाने गळू लागला. कार्ल बॉश यांनी तो प्रयोग कारखान्यात आणला. वातावरणाच्या सुमारे दोनशे पट दाब आणि चारशे-पाचशे अंश सेल्सिअस उष्णता यांत पोलादी नळकांडी फुटत. त्यावर तोड निघाली, लोखंडाचा स्वस्त उत्प्रेरक सापडला आणि १९१३ मध्ये ओपाऊ येथे उत्पादन सुरू झाले. आज जगातील जवळजवळ निम्म्या लोकसंख्येचे अन्न या पद्धतीने बनलेल्या खतावर अवलंबून असल्याचा अंदाज आहे. इतक्या मुखांत घास घालणारे शोध इतिहासात फार थोडे.

तथापि वर्षभरातच महायुद्ध पेटले. ब्रिटिश आरमाराने चिलीचा सोरा अडविला, तेव्हा याच अमोनियापासून नत्राम्ल आणि नत्राम्लापासून स्फोटके करून जर्मनी लढत राहिली. हाबर तेवढ्यावर थांबले नाहीत. २२ एप्रिल १९१५ रोजी इप्रच्या रणभूमीवर शत्रूवर क्लोरीन वायू सोडण्यात आला, तो त्यांच्या देखरेखीखाली. त्यांची पत्नी क्लारा स्वतः रसायनशास्त्राची डॉक्टर होती. त्यानंतर दहा दिवसांनी तिने पतीच्याच पिस्तुलाने आत्मघात केला. अमोनियानिर्मितीच्या शोधासाठी हाबर यांना १९१८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा अनेकांनी संताप व्यक्त केला, तो उगाच नव्हे. ज्या राष्ट्रासाठी त्यांनी हे सारे केले, त्याच राष्ट्राने १९३३ मध्ये ज्यूंना सरकारी पदांवरून हटविण्यास प्रारंभ केला. हाबर जन्माने ज्यू होते. पद सोडून ते देशाबाहेर पडले आणि जानेवारी १९३४ मध्ये बाझल येथे परमुलखात निवर्तले.

ज्या पिढीने देशासाठी तुरुंगवास पत्करला, तिने तरी या चरित्राचा अर्थ नीट उमजून घ्यावा. देशभक्ती हे थोर मूल्य आहे, परंतु ते विवेकाची जागा घेऊ शकत नाही. 'मी केवळ शोध लावला, वापर दुसऱ्याने केला,' ही पळवाट हाबर यांना उपलब्ध नव्हती, कारण शोधही त्यांचा आणि वायूची योजनाही त्यांचीच. इतरांना ती उपलब्ध असते, म्हणूनच ती अधिक घातक ठरते.

ही कथा परदेशाची म्हणून आपण अलिप्त राहू शकत नाही. १९७० च्या दशकात सांकवाळ येथे खताचा कारखाना उभा राहिला, त्याच्या मुळाशी हीच प्रक्रिया आहे. गोव्यातील शेतकरी भाताला युरिया घालतो, तेव्हा तो हाबर यांच्याच शोधाची पिशवी रिकामी करीत असतो. सरकारी अनुदानामुळे युरिया अन्य खतांच्या मानाने स्वस्त पडतो आणि स्वस्त म्हणून देशभर बेहिशेबी पडतो. पिकाने न घेतलेले नत्र पावसाबरोबर ओहोळात आणि ओहोळातून नदीत जाते. ते साचते तेथे शेवाळ माजते, पाण्यातील प्राणवायू घटतो आणि मासळी गुदमरते. ज्यांचे अर्धे ताट शेतातून आणि अर्धे खाडीतून भरते, त्यांना एका हाताने मिळविलेले दुसऱ्या हाताने गमावणे परवडणारे नाही.

म्हणून खत नकोच, असा टोकाचा निष्कर्ष काढणे हा उपाशी माणसाशी केलेला द्रोह ठरेल. मागणी साधी आहे. माती तपासल्यावाचून खत देऊ नये, शेणखत आणि हिरवळीचे खत यांना मानाचे स्थान मिळावे आणि कृषी खात्याने आपले यश पोत्यांच्या खपावर मोजू नये. आणि शाळांनी निबंधाचा विषय बदलावा. शाप की वरदान हे विचारण्यापेक्षा, या शोधाचा वापर कोणी ठरविला आणि आपण त्याला काय विचारले, हे मुलांना लिहू द्यावे. त्या प्रश्नाचे उत्तर अर्ध्या-अर्ध्या पानात विभागता येणार नाही.