सिकलसेलचे कार्ड ही रक्ताची जात नव्हे

विदर्भातल्या बौद्ध आणि आदिवासी वस्त्यांना सिकलसेल नवा नाही. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी त्याच्या निर्मूलनाची मोहीम सुरू केली. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे तिचे उद्दिष्ट आहे. तपासणी जरूर करून घ्या. पण निर्मूलन कशाचे, हे आम्हाला विचारायचे आहे.

चांगल्या रक्ताची माणसे वाढवा, वाईट रक्ताची घटवा, या विचाराला फ्रान्सिस गाल्टनने १८८३ मध्ये युजेनिक्स हे नाव दिले. आपल्याकडे त्याला सुप्रजननशास्त्र म्हणतात. नाव गोड, काम क्रूर. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅरी बक या गरीब तरुणीच्या सक्तीच्या नसबंदीला मंजुरी दिली. जर्मनीत हिटलरच्या १९३३ च्या कायद्याखाली सुमारे चार लाख लोकांची नसबंदी झाली.

जातिव्यवस्था म्हणजे असेच शास्त्र, असे सांगणारे त्या काळी आपल्या देशातही होते. बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये हा दावा मोडून काढला. रक्त शुद्ध ठेवायचे म्हणून लग्नाला बंदी, हे एकवेळ समजू. पण एका पंगतीत जेवल्याने रक्त कसे बिघडते, हा त्यांचा सवाल होता.

आता हाच दावा आपल्या दारातून आत येतो आहे. स्थळ बघायला आलेले लोक मुलीचे कार्ड मागतात, मुलाचे दाखवत नाहीत. मुलगी एएस निघाली की ‘रक्तच खराब’ म्हणून बोलणी मोडतात. ज्यांना पिढ्यान्पिढ्या अशुद्ध ठरवले, त्यांनीच आपल्या लेकीला अशुद्ध म्हणावे? एएस म्हणजे वाहक, रोगी नव्हे. उलट, वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. म्हणून तर हा जनुक मलेरियाच्या मुलखात टिकला. जोडीदार एए असेल तर मूल एसएस होत नाही. दोघेही एएस असतील तर प्रत्येक गर्भारपणात ती शक्यता चारात एक. (पहिले एसएस झाले म्हणजे पुढची तीन सुटली, असे नसते. हे सांगून सांगून आम्ही थकलो.) अशा जोडप्याला गर्भाची तपासणीही करून घेता येते. करायची की नाही आणि पुढे काय, हे त्या बाईने ठरवायचे. सासूने नाही, सरकारी माणसानेही नाही.

२०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत जनुक दुरुस्त करणाऱ्या क्रिस्पर तंत्राच्या उपचाराला मंजुरी मिळाली. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर! वस्तीतल्या लेकराला आज हवी आहे ती हायड्रॉक्सियुरियाची गोळी, जिने दुखण्याचे झटके कमी होतात. म्हणून किती कार्डे वाटली हा आकडा आम्हाला नको. किती रुग्णांना वर्षाचे बाराही महिने गोळ्या मिळाल्या, ते आरोग्य केंद्राने सांगावे. आणि घरात एसएस रुग्ण असेल तर दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचे नाव आहे.