धरणातील मासे कोणाचे?

मासेमारीचे धोरण म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे कोकणचा किनारा उभा राहतो. बीडसारख्या अवर्षणग्रस्त जिल्ह्याचा त्याच्याशी काय संबंध, असे सुशिक्षितही विचारतात. परंतु सिंदफणेवरील माजलगाव आणि केज तालुक्यातील मांजरा या जलाशयांवर भोई कुटुंबांच्या चुली पेटतात, हे विसरून चालणार नाही.

जाळ्यात येईपर्यंत मासा कोणाचाच नसतो. आज मी लहान मासा सोडला, तर उद्या तो दुसऱ्याच्या पदरात पडणार. म्हणजे संयम पाळणाराच मूर्ख ठरतो. कॅनडातील अर्थशास्त्रज्ञ स्कॉट गॉर्डन यांनी १९५४ मध्ये नेमके हेच दाखवून दिले. ठेकापद्धतीने हा दोष पुरता जात नाही. ठेका पुन्हा मिळण्याची शाश्वती नसेल, तर अखेरच्या वर्षी बोटुकली सोडण्यात किंवा बारीक आसाचे जाळे टाळण्यात ठेकेदाराला स्वारस्य कसे उरावे?

कायद्यांची वाण नाही. सुरुंगाने व विषाने मासे मारण्यास १८९७ च्या कायद्यानेच बंदी आहे. सागरी मासेमारीच्या १९८१ च्या कायद्यातील दंड २०२१ मध्ये लाखांच्या घरात नेण्यात आला. तथापि दंडाची जरब केवळ रकमेवर नसते. पकडले जाण्याच्या संभवावर असते. युरोपीय देशांनी २०१३ च्या सुधारणेत नको असलेले मासे समुद्रात फेकण्यास मनाई केली. पण भर समुद्रात पाहणार कोण, हा प्रश्न तेथेही उरलाच. जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेला अधिकारी रात्री धरणावर पहारा कसा देणार?

पहारा देऊ शकतात ते तेथेच पोट भरणारे लोक. नियम करण्यात व राखण्यात ज्यांचा वाटा असतो तेच तो पाळतात, हे २००९ च्या नोबेल मानकरी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांच्या संशोधनाचे सार आहे. म्हणून सहकारी संस्थेचे सभासद प्रत्यक्ष जाळे टाकणारेच असावेत. कागदोपत्री मच्छीमारांना त्यात थारा नसावा. नियम पाळणाऱ्या संस्थेला ठेक्याच्या नूतनीकरणाची हमी मिळावी. सोडलेल्या बीजाचा व काढलेल्या मासळीचा हिशेब ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. ठेक्याची रक्कम पाणीसाठ्याशी निगडित असावी. २०१६ मध्ये मांजरा कोरडे पडून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, तशा वर्षी मासे कोठून येणार?

अशाने नोकरशाहीचे अधिकार कमी होतील, अशी कुरकुर होईल. ती होऊ द्यावी. धरणाचे पाणी सार्वजनिक असेल, तर त्यातील मासळीची राखणही सार्वजनिक विश्वासावरच उभी राहिली पाहिजे.